ऑपरेशननंतरचं दुखणं: कुठलं सोसायचं आणि कुठल्यासाठी लगेच फोन करायचा

सांधेजोड

मंडळी, मी हाडांचा सर्जन आहे. फ्रॅक्चर, गुडघे, खुबे हेच दिवसभराचं काम. ऑपरेशन करावं की नाही, कुठला इम्प्लांट चांगला, यावर भरपूर चर्चा होतात आणि व्हायलाच पाहिजेत, पण पेशंट घरी गेल्यावर पुढच्या सहा-आठ आठवड्यांत काय होतं त्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि माझ्या मते अर्धा निकाल तिथेच लागतो. त्यातही एकच विषय घेतो, दुखणं. कारण घरी पेशंटच्या हातात ना एक्सरे असतो ना ब्लड रिपोर्ट, असतं ते फक्त दुखणं, आणि ते नीट वाचता आलं तर निम्म्या भानगडी टळतात.

आधी आम्ही थिएटरमध्ये नेमकं काय करतो ते सांगतो. तुटलेल्या हाडाची लांबी, वाक आणि पीळ बरोबर करायचा आणि ते तसंच राहावं म्हणून रॉड किंवा प्लेट टाकायची. एवढंच. जोडायचं काम धातू करत नाही, शरीर करतं. तुटलेल्या जागी रक्त साकळतं, सूज येते, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड धरायला लागतो, सहा ते बारा आठवड्यांत तो कडक होत जातो आणि हाडाचा मूळ आकार यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. या काळात धातू आणि हाड यांची शर्यत लागलेली असते. हाड वेळेत जुळलं तर प्लेटवरचा भार उतरतो, नाही जुळलं तर प्लेट कितीही महाग असो, रोजच्या वाकण्याने एक दिवस तुटते.

आता दुखण्याकडे येतो. पहिल्या रात्रीचं दुखणं वेगळंच असतं. आजकाल बऱ्याच ऑपरेशनना नसेचा ब्लॉक देतात, म्हणजे तेवढा हात किंवा पाय बधिर, त्यामुळे संध्याकाळी पेशंट एकदम मजेत असतो, नातेवाईकांना वाटतं वा काही दुखतच नाही, गोळी कशाला घ्यायची, आणि मग मध्यरात्री ब्लॉक उतरतो आणि सगळं दुखणं एकदम अंगावर येतं. ब्लॉक साधारण बारा ते चोवीस तासांत उतरतो, तेव्हा गोळी तो उतरायच्या आधी पोटात गेलेली पाहिजे. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, घड्याळ बघून घ्यायची. पहिले चार-पाच दिवस हेच धोरण ठेवा.

त्यानंतरचं दुखणं व्यायामाचं. गुडघा वाकवताना पुढून ताण बसतो, ओढ लागते, टाके उसवतील की काय असं वाटतं. टाके असे उसवत नाहीत. हे दुखणं सोसायचं. याची साधी परीक्षा अशी की व्यायाम थांबवल्यावर तासाभरात ते खाली यायला हवं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला नसावा. सुजलेला असेल तर व्यायाम बंद नाही करायचा, थोडा कमी करायचा. बंद आणि कमी यात फार मोठा फरक आहे आणि बहुतेक घरांत चूक इथेच होते, एक दिवस दुखलं की आठवडाभर विश्रांती.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढला ते. काही दुखणी अशी असतात की ज्यात सकाळची वाट बघायची नाही.

एक, ठरलेल्या गोळ्या घेऊनही वाढतच जाणारं दुखणं, विशेषतः नडगीच्या किंवा कोपराखालच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर पहिल्या दोन दिवसांत. पोटरी दगडासारखी घट्ट लागते आणि पायाची बोटं दुसऱ्याने हळूच वर-खाली केली तरी पेशंट ओरडतो. आत स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटतोय याची ही खूण, कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. साधारण सहा तासांत स्नायू कायमचा मरायला लागतो. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागतेय म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी शेवटपर्यंत लागते. अशा वेळी पाय उंच टांगायचा नाही, हृदयाच्या पातळीला ठेवायचा, वरचं बँडेज किंवा प्लास्टर सोडवून घ्यायचं आणि तडक हॉस्पिटल गाठायचं.

दोन, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. ऑपरेशननंतरच्या दुखण्याचा कल खालच्या बाजूला असतो, मधे एखादा दिवस वाईट जातो पण आठवड्याचा हिशोब धरला तर ते कमीच होत जातं. दहाव्या-बाराव्या दिवशी जर ठणका उलट वाढायला लागला, जखम ओली राहिली, ताप आला, तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यायचा. हात जोडून एक विनंती करतो, अशा वेळी ओळखीच्या कुणाला विचारून घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने वरवर बरं वाटतं, आतला नमुना तपासला तर जंतू सापडत नाही आणि दरम्यान ते जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात. हा थर पक्का झाला की औषध आत पोचत नाही. सांधेबदलात सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत पकडलं तर सांधा धुऊन, आतलं प्लॅस्टिक बदलून बऱ्याचदा वाचवता येतो, उशीर झाला की सगळं काढावं लागतं.

तीन, पोटरीत नव्याने दुखून एकच पाय सुजणं, आणि त्याहून गंभीर म्हणजे अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं. शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. दम लागला तर मला फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

अजून बरंच आहे पण एका दमात नको. विचारा.

निशिगंध

फार गरजेचा विषय काढलात डॉक्टर. माझ्या आईचं उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय, साधारण तीन आठवडे झाले. वाकतो बऱ्यापैकी, पण आडवं पडल्यावर पाय सरळ होत नाही, गुडघ्याखाली दोन बोटं जातील एवढी जागा राहते. आणि दुसरं म्हणजे पाय सरळ ठेवून उचलता येत नव्हता पहिले काही दिवस, ती इतकी घाबरली की नसच कापली गेली म्हणून रडायला लागली. रात्री गुडघ्याखाली उशी घेतल्याशिवाय झोप लागत नाही तिला. दुखतं म्हणून आम्हीही काही बोलत नाही.

सांधेजोड

निशिगंध, आधी ती उशी काढा. हे मी प्रत्येक पेशंटला सांगतो आणि प्रत्येक घरात उशी असतेच, कारण गुडघा किंचित वाकलेला असताना आत सुजेला सगळ्यात जास्त जागा मिळते, म्हणून त्या स्थितीत बरं वाटतं. पण रात्रभर तसाच राहिला की मागचा पडदा आखडतो. वाकणं नंतरही मिळवता येतं, सरळ होणं एकदा गेलं की परत आणणं फार जड जातं, आणि न सरळ होणाऱ्या गुडघ्यावर माणूस लंगडतच चालतो, मांडी लवकर थकते.

टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि ती टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली नाही. गुडघा मधे अधांतरी राहतो आणि पायाच्या वजनानेच खाली जातो. पाच मिनिटांपासून सुरू करा, दिवसातून तीन-चार वेळा, हळूहळू दहा-पंधरा मिनिटांवर न्या. मागून ओढ लागेल, ती सोसायची ओढ आहे. तसंच असताना मांडी आवळायची, वाटी मांडीकडे सरकताना दिसली पाहिजे, पाच सेकंद धरायची आणि सोडायची. तीन आठवडे म्हणजे उशीर झालेला नाही, पण आता लागा. पुढच्या तपासणीत ही दोन बोटांची जागा त्यांच्या सर्जनना आवर्जून दाखवा.

पाय न उचलला जाण्याचं सांगतो, आईंनाही वाचून दाखवा. गुडघ्यात पाणी साठलं, सूज आली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला जवळजवळ बंदच करतो. हे आपोआप होतं, इच्छाशक्तीचा संबंध नाही. सूज उतरली आणि मांडी आवळायचा सराव झाला की स्नायू परत जागा होतो. बहुतेकांना सुरुवातीला असं होतं. म्हणून सूज उतरवणं हाही व्यायामाचाच भाग आहे, बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा.

आणि आता विचारणारच आहात म्हणून सांगून टाकतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर राहतो, तिथली बारीक नस कापल्याशिवाय गुडघ्यात जाताच येत नाही. तो आकसत जातो पण थोडा राहू शकतो. गुडघा काही महिने हाताला गरम लागतो. चालताना टक-टक आवाज येतो, धातू आणि प्लॅस्टिकचा आहे, नुसता आवाज असेल आणि दुखत-सुजत नसेल तर काळजी नको.

फिजिओताई

डॉक्टरांच्या टाचेखालच्या टॉवेलला जोरदार अनुमोदन. मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरी जाऊन पेशंट बघते. एक भर घालते. घरचे लोक प्रेमापोटी पेशंटची सगळी कामं हातात देतात, पाणी, मोबाईल, चष्मा सगळं बिछान्यावर. मग दिवसात दोनदा वीस मिनिटं व्यायाम आणि उरलेला दिवस झोपून. त्यापेक्षा दर तासाला उठून वॉकर घेऊन खोलीत एक फेरी मारली तर पायात रक्त फिरतं, गाठीचा धोका कमी होतो आणि भीती मोडते. पाण्याची बाटली जरा लांब ठेवा. आणि गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, नंतर नाही. नंतर दिली तर व्यायामाच्या वेळी दुखतं आणि झोपेच्या वेळी असर असतो, उलटं होतं सगळं.

काठी कुठल्या हातात याबद्दल पण लिहा डॉक्टर, दहातले बरेच जण चुकीच्या हातात धरतात.

सांधेजोड

ताई, बरं आठवण केलीत. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. चालताना खुब्यावर आणि गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण तोल सांभाळायला आजूबाजूचे स्नायू जोरात आवळतात आणि तो जोर सांध्यावरच पडतो. काठी उलट बाजूला असली की खुब्याच्या स्नायूंना कमी आवळावं लागतं. दुखऱ्या बाजूला धरली तर माणूस त्याच बाजूला झुकतो आणि फायदा निम्मा होतो. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

वाटसरू

डॉक, माझी नडगी तुटली होती बाईकवरून पडून, रॉड टाकलाय. मला दुसऱ्याच दिवशी उभं केलं आणि म्हणाले सोसेल तेवढं वजन टाक. शेजारच्या बेडवर एकजण होता त्याचंही नडगीचंच हाड, पण गुडघ्याच्या जवळ तुटलेलं, त्याला प्लेट लावली आणि दहा आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. तो मला रोज मेसेज करतो की तुला चालवतायत, माझ्या बाबतीत काही गडबड झालीय का. आणि आम्ही दोघं एकमेकांना एक्सरे पाठवतो, माझ्या एक्सरेत तुटलेल्या जागी ढगासारखा गोळा दिसायला लागलाय, त्याच्यात काहीच नाही. तो फार खचलाय. आम्ही दोघंही सारख्याच वयाचे. कुठलं बरोबर?

सांधेजोड

वाटसरू, दोन्ही बरोबर, आणि त्याला हे नक्की पाठवा.

तुमचं हाड मधोमध तुटलं. रॉड हाडाच्या पोकळीत, मधोमध बसतो, म्हणून तुमचं वजन रॉड आणि हाड वाटून घेतात. तुकडे किंचित हलतात, मिलिमीटरच्या अंशात, आणि त्या हलण्यामुळेच हाड भोवती गोळा तयार करतं. तुम्ही टाकलेलं वजन हा इथे उपचाराचाच भाग आहे. हाड भार पडेल तसं स्वतःला घडवतं हे जर्मन सर्जन जुलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडलं, आजही आम्ही रोज तेच वापरतो.

त्याचं हाड सांध्यातच फुटलंय. तिथे सांध्याचा पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत राहणं सगळ्यात महत्त्वाचं, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची पायरी राहिली तरी पुढे सांधा झिजू शकतो. म्हणून तिथे तुकडे घट्ट दाबून बसवतात, हलायला जागाच ठेवत नाहीत. असं घट्ट बसवलेलं हाड गोळा न करता थेट जुळतं. त्यामुळे त्याच्या एक्सरेत ढग दिसणारच नाही, आणि तो न दिसणं हीच तिथे चांगली खूण आहे. लवकर वजन टाकलं तर तो पृष्ठभाग खाली बसेल. पण त्याने एक विचारून घ्यावं, पाय टेकवायचा नाही म्हणजे गुडघा हलवायचा नाही असं नसतं. बहुतेक अशा फ्रॅक्चरमध्ये वजन बंद पण गुडघा वाकवणं लवकर सुरू करायचं असतं, कारण कूर्चेला हालचाल मिळाली तरच तिचं पोषण होतं. पूर्वी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवायचे तेव्हा हाड जुळायचं पण सांधा आखडलेला, मांडी वाळलेली, हाड ठिसूळ झालेलं. त्याच दुखण्याला कंटाळून स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जननी १९५८ साली एओ नावाचा गट सुरू केला आणि हाड पक्कं धरून सांधा लगेच हलवायचा हा विचार रुजवला. मला या सगळ्या शास्त्रात तो विचार सगळ्यात मोलाचा वाटतो.

तुम्ही सिगरेट ओढत असाल तर आज बंद करा, दोघांनीही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो, कधीकधी जुळतच नाही. मी ऑपरेशन कितीही मन लावून केलं तरी त्यावर मला उपाय नाही.

वाटसरू

पाठवलं त्याला. मोठा उसासा टाकलेला व्हॉइस मेसेज आला. सिगरेटचं कळलं. :)
जुळलंच नाही हे कधी म्हणायचं पण?

सांधेजोड

साधारण नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्सरेत काहीच पुढे सरकलं नाही, तर न जुळलेलं धरतात. पण घरी बसून ओळखायची खूण दुखणंच. वजन टाकल्यावर नेमकं फ्रॅक्चरच्या जागी दुखतं, बोट ठेवून दाखवता येतं, आणि महिन्यागणिक कमी होत नाही. रॉडवाल्यांना गुडघ्याच्या पुढे, जिथून रॉड आत घातला तिथे, दुखतं ते वेगळं, ते फार कॉमन आहे, गुडघ्यावर बसताना जास्त जाणवतं.

कैरी

माझा प्रश्न जरा उलटा आहे. मला काहीच दुखत नाहीये! एसीएलचं (गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट) ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले. चालते मस्त, सायकल मारते, जिने चढते. बॅडमिंटनची टीम बोलावतेय, नुसती सर्व्हिस करायला ये म्हणतात. सर म्हणाले नऊ महिने नाही म्हणजे नाही. एवढं कशाला थांबायचं जर दुखतच नाही? खरंच विचारतेय, भांडत नाहीये.

सांधेजोड

कैरी, बरं झालं विचारलंस, कारण न दुखणं हा या धाग्यातला तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

तुझ्या गुडघ्यात जो नवा लिगामेंट घातलाय तो तुझ्याच शरीरातला एक स्नायूबंध आहे, मांडीच्या मागचा किंवा वाटीखालचा. तो तिथून काढला तेव्हाच त्याचा रक्तपुरवठा तुटला. आत बसवल्यावर त्याच्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि हळूहळू तो लिगामेंटसारखा घडत जातो. या मधल्या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, तो सगळ्यात कमजोर असतो. म्हणजे बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर. आणि नेमकं त्याच वेळी सूज उतरलेली असते, जखम भरलेली असते, दुखणं संपलेलं असतं. तू आत्ता बरोबर तिथे उभी आहेस.

त्या लिगामेंटला तक्रार करायला अजून नसाच नाहीत म्हण ना. त्यामुळे तुझ्या न दुखण्यावरून आतलं काही कळत नाही. बॅडमिंटनमध्ये एक पाय रोवून अंग फिरतं, नेमकी त्याच हालचालीत तो तुटतो. नुसती सर्व्हिस कुणीच करत नाही, शटल परत आलं की शरीर धावतंच. नऊ महिन्यांच्या आत खेळायला परतलेल्यांमध्ये गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं हे अभ्यासात दिसलेलं आहे. आणि नुसते महिनेही पुरेसे नाहीत, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हायला हवी, एका पायावर उडी मारून नीट उतरता यायला हवं. तोपर्यंत सायकल, ताकदीचे व्यायाम, तुझ्या फिजिओने आखून दिलंय ते मनापासून कर. तुझ्या सरांना माझा पूर्ण पाठिंबा.

न दुखण्याचा दुसरा धोका मधुमेहवाल्यांना. ज्यांच्या पायाला जुन्या मधुमेहामुळे संवेदना कमी आहे ते घोटा तुटला तरी चालत राहतात, ऑपरेशननंतर सांगूनही वजन टाकतात, कारण त्यांना खरोखरच कळत नाही. त्यांच्यासाठी दुखणं ही खूणच नाही, तिथे डोळ्यांनी बघायचं, रोज पाय बघायचा, सूज, लाली, ऊब, बदललेला आकार.

कैरी

बापरे, ते कमजोर होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. नऊ महिने तर नऊ महिने. टीमला हाच प्रतिसाद पाठवते.

जुना_खेळाडू

माझा अनुभव कोपराचा. कोपर निखळून एक बारीक तुकडा उडाला होता, प्लास्टर काढल्यावर हात सरळ होईना. एका ओळखीच्यांनी जोरात मालिश करून हात ताणायला सुरुवात केली, दुखणं सोसायचंच असतं असं सांगून. मीही दात-ओठ खाऊन सोसलं. महिन्याभराने हात आणखीनच आखडला आणि एक्सरेत स्नायूमध्ये हाड तयार झालेलं दिसलं. इथे वर लिहिलंय की ओढ सोसायची, म्हणून मुद्दाम विचारतो, कोपराला तो नियम का नाही?

सांधेजोड

अत्यंत महत्त्वाचं लिहिलंत. मीच वर सांगायला हवं होतं इतकं महत्त्वाचं.

सोसायची ओढ ती, जी पेशंटच्या स्वतःच्या स्नायूने येते. स्वतः वाकवा, स्वतः सरळ करा, जिथे थांबेल तिथे थोडं थांबा. दुसऱ्याने जोर लावून ताणणं हा वेगळा प्रकार आहे. कोपर त्या बाबतीत सगळ्यात नाजूक. जखमी स्नायूत जोराने मालिश आणि ओढाताण केली की बारीक रक्तस्राव होतो आणि तिथे शरीर हाड बनवायला लागतं. म्हणून कोपराला मालिश नाही, जोर नाही. गुडघा अडकून बसला असेल तर तो सुद्धा भूल देऊन, सर्जनने, योग्य वेळेत वाकवायचा असतो, घरच्यांनी पायावर बसून नाही.

जे हाड झालंय ते पक्कं होईपर्यंत थांबून, गरज असेल तर काढता येतं, हालचाल बरीच परत मिळते. तुमच्या सर्जनना विचारा.

मनगटाच्या फ्रॅक्चरवाल्यांसाठी इथेच जोडतो. प्लास्टरमध्ये मनगट असतं, बोटं आणि खांदा नसतात. ते दोन्ही पहिल्या दिवसापासून हलवा, पूर्ण मूठ, पूर्ण उघड, हात डोक्यावर. काही जणांना प्लास्टर निघाल्यावर हाताची आग आग होते, नुसता कपडा लागला तरी सहन होत नाही, कातडी चकचकीत होते, रंग बदलतो, घाम येतो. याला सीआरपीएस म्हणतात. यात नसा जास्तच तापलेल्या असतात आणि हात लपवून ठेवला की ते वाढतं. जितक्या लवकर ओळखाल तितकं चांगलं, मनाचे खेळ म्हणून कुणी हसलं तर ऐकू नका.

सावली

आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं, घरात पाय घसरून पडल्या होत्या. वय ८४. आम्हाला वाटत होतं या वयात कशाला ऑपरेशन, पडून राहतील महिनाभर, जुळेल हळूहळू. पण डॉक्टर घाईच करत होते, दुसऱ्याच दिवशी केलं. ऑपरेशननंतर दोन रात्री आजी वेगळंच बोलायला लागल्या, मला ओळखेनात, सलाईन उपटून टाकलं. आता बऱ्या आहेत. पण त्या काही दुखतंय असं सांगतच नाहीत, विचारलं की नाही म्हणतात. अशांचं दुखणं कसं ओळखायचं?

सांधेजोड

सावली, त्या डॉक्टरांनी घाई केली ते अगदी योग्य केलं. म्हातारपणी खुबा तुटला की माणसाला खरा धोका अंथरुणाचा असतो. पडून राहिलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया, पाठीला जखमा, शिरेत गाठी, लघवीचा जंतुसंसर्ग, आणि स्नायू तर दिवसागणिक जातात. शक्य तर पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी उभं करायचं, यामागे हाड जुळवण्यापेक्षा जीव वाचवण्याचा विचार जास्त आहे.

आजींना झालं ते डेलिरियम. या वयात, या ऑपरेशननंतर, फार जणांना होतं. दुखणं, औषधं, अनोळखी जागा, झोपमोड सगळं मिळून. चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच लावणं, समोर घड्याळ, दिवसा उजेड, रात्री अंधार, ओळखीचं माणूस जवळ, यानेच बराच फरक पडतो.

आणि न सांगितलेलं दुखणं ओळखायचं तर चेहरा बघा. कूस बदलताना कपाळावर आठ्या येतात का, श्वास धरतात का, पाय हातानेच धरून ठेवतात का, जेवण कमी झालंय का, काल उठून चालल्या आणि आज नको म्हणतात का. अशी माणसं दुखतंय म्हणत नाहीत, आज नको म्हणतात. त्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी वेळेवर, न विचारता द्यावी लागते, किती आणि कधी ते लिहून घ्या. जोरकस पेनकिलर मनाने देऊ नका, किडनी आणि पोट दोन्ही जपायचंय.

अजून एक, घरात नुसतं घसरून हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालेली आहेत. खुबा दुरुस्त झाला पण ठिसूळपणाचं औषध सुरू झालंय का? बऱ्याच ठिकाणी ते राहूनच जातं आणि मग दुसरा खुबा मोडतो. पुढच्या तपासणीत हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा.

सावली

आज नको, अगदी हेच म्हणतात. ठिसूळपणाचं कुणी काही बोललं नव्हतं, विचारते नक्की. एक शेवटचं, रात्री-अपरात्री फोन करायची वेळ आली तर नेमकं काय सांगायचं? मागे एकदा मी फोन केला आणि गडबडीत मला काही सुचलंच नाही, खूप दुखतंय एवढंच म्हणत राहिले.

सांधेजोड

कुठलं ऑपरेशन आणि किती दिवस झाले हे आधी. मग शेवटची गोळी कुठली आणि किती वाजता दिली. दुखणं कालच्यापेक्षा जास्त की कमी, आणि बोट ठेवून दाखवता येतं की सगळीकडे आहे. बोटं स्वतः हलवतात का, दुसऱ्याने हलवल्यावर किती दुखतं, मुंग्या किंवा बधिरपणा आहे का. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा, एक जाड दिसते का. ताप मोजून सांगा, अंगाला हात लावून नाही. जखम ओली असेल तर ड्रेसिंगवर डाग किती मोठा आहे त्याच्या कडेने पेनने रेघ मारा आणि वेळ लिहा, तासाभराने डाग रेघेबाहेर गेला का ते बघा, फोटो चांगल्या उजेडात काढून पाठवा.

एवढं सांगितलंत की पलीकडे झोपेतून उठलेला ज्युनियर डॉक्टर असला तरी त्याला दोन मिनिटांत ठरवता येतं की सकाळी या की आत्ता या. आणि काहीच सुचलं नाही तरी फोन करा. उगाच केलेल्या फोनचा आम्हाला त्रास होत नाही, न केलेल्याचा होतो.